नसलेल्या डॉक्टरांचा सल्ला

ज्या डॉक्टरांच्या नावाने मी दीड वर्ष लेख लिहीत होते, ते डॉक्टर कुठेच नव्हते. आडनाव आमच्या साहेबांनी सुचवलं, नाव मी ठरवलं. पांढऱ्या कोटातला फोटो इंटरनेटवरून विकत घेतला होता. माणूस फारच गोरा दिसतो म्हणून डिझाइनचं काम बघणाऱ्या मुलीने त्याला जरा सावळा केला. खाली लिहिलं, ‘वीस वर्षांचा अनुभव’. वीस हा आकडाही माझाच. पंधरा लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं.

त्याआधी मी गिरगावात एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. चौदा वर्षं तपासली. मग मराठी पुस्तकांचं काम कमी होत होत लग्नपत्रिकांवर आलं, आणि लग्नपत्रिकांना प्रुफं तपासणारी वेगळी बाई कशाला हवी? चाळिशी उलटल्यावर मी नोकरी शोधायला लागले. दादरला, स्टेशनजवळ साड्यांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर हे ऑफिस होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘उत्तम मराठी लिहिणारी व्यक्ती हवी’. ते वाचून मला आनंद झाला होता, हे आता सांगायलाही लाज वाटते. कित्येक वर्षांत कुणाला उत्तम मराठी हवंय असं माझ्या वाचनात आलं नव्हतं.

काम काय आहे ते दोन दिवसांत कळलं. माणसं मोबाईलवर प्रश्न टाकतात. उत्तरादाखल पानांची यादी येते. त्या यादीत आमच्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यात वर आलं पाहिजे. बस, एवढंच. लोक कोणते शब्द टाकतात त्याचा तक्ता रोज सकाळी मिळायचा आणि ते शब्द लेखात ठरावीक वेळा बसवायचे. ‘घरी रुग्णसेवा परळ’ हे तीन शब्द मी कुठे कुठे बसवलेत ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. कुठल्याही व्याकरणात ते वाक्य नाही, पण शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, शेवटच्या परिच्छेदात ते असायलाच हवं.

हे गिऱ्हाईक म्हणजे परळमधला एक ब्यूरो. घरी आजारी माणसाची देखभाल करायला माणसं पाठवणं, पलंग आणि व्हीलचेअर भाड्याने देणं, हा त्यांचा धंदा. परळला एवढी हॉस्पिटलं, गावोगावचे पेशंट, तेव्हा धंद्याला मरण नाही. त्यांच्या साईटवर रोज एक लेख चढवायचा होता. आजार, पथ्य, देखभाल. लेखाखाली आमचे सावळे केलेले डॉक्टर.

साहेब माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. शिवाजी पार्कच्या बाजूला वाढलेला, वडील बँकेतून निवृत्त. वाईट माणूस नव्हता. मला कायम ‘मॅडम’ म्हणायचा. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा न मागता तीन दिवस सुट्टी दिली. एके दिवशी त्याने माझ्या टेबलाशी येऊन स्क्रीनवर एक पान उघडलं.

“हे बघा मॅडम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जेवण कसं भरवायचं. टाकलं की हेच पहिलं येतं. कुणा आजीचा ब्लॉग आहे. डिझाइन बघा, काही धड नाही. तरी एक नंबर. का, माहितीये? लोक शेवटपर्यंत वाचतात.”

“मग?”

“मग आपल्याला हेच पाहिजे. मुद्दे तेच ठेवा, भाषा फिरवा.”

मी पानाच्या वर बघितलं. नाव ओळखीचं होतं. सातवीत, परळच्या शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाईंचं.

मी ते पूर्ण वाचलं. बाईंच्या यजमानांना अर्धांगवायू झाला होता. पोस्टात होते ते. नऊ वर्षं त्यांचं सगळं बाईंनी लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत केलं होतं आणि ते गेल्यावर जे जे शिकल्या ते लिहून काढलं होतं. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून जुन्या नऊवारीची घट्ट गुंडाळी करून गुडघ्यांखाली कशी ठेवायची, संडासचं भांडं लावताना आजाऱ्याच्या डोळ्यांत का बघायचं नाही. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘एकदा मी घाईत होते. शाळेत पोचायचं होतं. ह्यांना आडवंच ठेवून चमच्याने चहा पाजला. ठसका लागला, चहा छातीत उतरला. पुढे अकरा दिवस हॉस्पिटल. ही चूक माझी. तुम्ही करू नका. बसवल्याशिवाय थेंबही देऊ नका आणि गिळता येतंय का ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.’ खाली वाचकांचे प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नाला बाईंचं उत्तर होतं. कुणी साताऱ्याहून विचारलेलं, कुणी मस्कतहून.

मी साहेबाला म्हटलं, “ह्या माझ्या बाई आहेत. आपण त्यांची परवानगी घेऊ. खाली त्यांचं नाव देऊ, मूळ लेखाची लिंक देऊ.”

तो हसला. “मॅडम, लिंक दिली की माणूस तिकडे जातो. आपण माणूस इकडे आणायला बसलोय.”

“पण हे त्यांचं आहे.”

“माहिती कुणाच्या बापाची नसते. वाक्यं त्यांची असतात. वाक्यं बदला.”

मी वाद घातला नाही. दिवसाला पाच लेखांचं बंधन होतं आणि दुपारचे बारा वाजून गेले होते. एवढंच कारण. माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती.

लेख लिहून झाला की तो एका सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. जे वाक्य इंटरनेटवर आधीच कुठेतरी असेल ते लाल होतं. ते फिरवायचं, पुन्हा टाकायचं, लाल जाईपर्यंत. बाईंची वाक्यं फिरवणं सोपं नव्हतं, कारण त्यांत शब्द कमी आणि नेमके होते. ‘बसवल्याशिवाय थेंबही देऊ नका’ हे तीनदा लाल झालं. चौथ्यांदा मी ते काढूनच टाकलं. चहाचा प्रसंग तर जायलाच हवा होता. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनी आपल्या बायकोला आडवं ठेवून चहा पाजला असं कसं लिहिणार? डॉक्टरांकडून तपासून घ्या, हेही गेलं. त्या जागी ब्यूरोचा नंबर आला. उरलं ते असं, ‘रुग्णास चमच्याने थोडे थोडे द्रवपदार्थ द्यावेत.’ लाल गेलं. सॉफ्टवेअर खूश झालं. मीही जेवायला उठले.

दीड-दोन महिन्यांत आमचं पान पहिलं आलं. ब्यूरोची साईट मोठी, तिच्यावर रोज काहीतरी नवीन चढायचं. बाईंचा ब्लॉग आधी तिसरा, मग आठवा, मग पहिल्या यादीतून गेलाच. साहेबाने सगळ्यांसाठी सामोसे मागवले.

त्यानंतर बाईंचा फोन आला. शाळेच्या ग्रुपवर कुणाकडून तरी नंबर मिळाला म्हणाल्या. “तू कॉम्प्युटरच्या लायनीत आहेस असं कळलं. एक अडचण आहे गं. येशील का एकदा?”

चाळीच्या जागी आता उंच इमारत झाली होती. बाईंचं घर चौदाव्या मजल्यावर, लहान पण उजेडाचं. बाई थकल्या होत्या, आवाज तोच होता. त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही लेखांचे कागद काढून आणले होते. शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या लेखातल्या आणि आमच्या लेखातल्या ओळींखाली लाल पेनाने रेघा मारलेल्या. उत्तरपत्रिका तपासल्यासारखं.

“हे बघ. क्रम माझा. उदाहरणं माझी. आणि हे वाच.” त्यांनी बोट ठेवलं. ‘जुन्या नऊवारी साडीची गुंडाळी गुडघ्यांखाली ठेवावी.’ “हे डॉक्टर पुरुष आहेत ना? यांच्याकडे नऊवारी कुठली? आमच्या सासूबाईंची होती ती.”

ती ओळ मी ठेवली होती, कारण ती चांगली होती.

“परवा एका बाईने मलाच लिहिलंय,” बाई म्हणाल्या, “की तुम्ही हे अमुक डॉक्टरांच्या साईटवरून चोरलंत. मी! मी कॉपी केली म्हणून पोरांना वर्गाबाहेर उभं केलंय आयुष्यभर.” त्यांनी कागद एकावर एक ठेवले. “आणि आता प्रश्न येत नाहीत. आधी दिवसाला चार-पाच यायचे. सकाळी पूजा झाली की उत्तरं लिहायला बसायचे मी. अशी कामं करतं तरी कोण? ही माणसं कोण असतात?”

“मी बघते, बाई,” मी म्हटलं.

चहा घेतला, वाकून नमस्कार केला आणि खाली आले. लालबागच्या पुलाखालून चालत चिंचपोकळी स्टेशनपर्यंत गेले. वाटेत मी स्वतःला सांगत होते की सांगायला योग्य वेळ नव्हती. म्हातारं माणूस, एकटं, उगाच धक्का बसला असता. अशी कारणं मला नेहमीच पटकन सुचतात.

मी काहीच बघितलं नाही. मग बाईंनी स्वतःच ब्यूरोला पत्र पाठवलं. ब्यूरोने ते आमच्याकडे ढकललं आणि साहेबाने माझ्याकडे.

“सभ्य भाषेत उत्तर द्या मॅडम. तुमच्या बाई आहेत, तुम्हाला बरोबर जमेल.”

ते उत्तर मी लिहिलं. ‘सदर लेखातील माहिती सर्वसामान्य स्वरूपाची असून ती आमच्या तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे संकलित केली आहे. आढळणारे साधर्म्य हा निव्वळ योगायोग समजावा. तथापि आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.’ खाली डॉक्टरांचं नाव. मी एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात आमच्या लेखाखाली एका मुलीचा अभिप्राय आला. लेखांखालचे अभिप्राय आधी मी वाचायचे. तिने लिहिलं होतं, ‘डॉक्टर, तुमचा लेख वाचून बाबांना चमच्याने सूप दिलं. झोपलेले होते. खूप ठसका लागला, श्वास अडकला. आता ॲडमिट आहेत. मशीन लावलंय. माझं काय चुकलं ते सांगाल का?’

शिवी नाही, आरोप नाही. काय चुकलं ते सांगाल का.

मी साहेबाला दाखवलं. त्याचाही चेहरा उतरला, हे मी कबूल करते. त्याने तो अभिप्राय पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, “डिलीट करा.”

“अरे, तिला उत्तर तरी देऊ.”

“काय देणार? उत्तर दिलं की आपण मान्य केलं. वकिली भानगड होईल. डिलीट करा मॅडम, प्लीज.”

मी केला. तिचा पत्ता, फोन, ईमेल काही लिहून घेतलं नाही. बटण दाबल्यावर माझ्या लक्षात आलं, की आता तिला शोधायचं तरी कसं. ते बाबा वाचले की नाही हे मला आजपर्यंत माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. “ये.” एवढंच.

या वेळी त्यांनी बस म्हटलं नाही. टेबलावर आमचं उत्तर छापून ठेवलं होतं. त्यावर एकही लाल रेघ नव्हती.

“एक चूक सापडली नाही मला यात,” बाई म्हणाल्या. “साधर्म्य बरोबर, तज्ज्ञ बरोबर, अनुस्वार जिथल्या तिथे. तथापि! आजकाल कोण लिहितं तथापि? माझ्याकडे अशा कंपन्यांची दहा पत्रं आहेत, टेलिफोनची, विजेची, सगळी गचाळ मराठी. हे पत्र माझ्या विद्यार्थिनीचं आहे. खरं की खोटं?”

“खरं.”

“आणि लेख?”

“तोही.”

मला वाटलं होतं त्या रडतील किंवा ओरडतील. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

“चोरलंस त्याचं मला एवढं नाही वाटत. माणसं चोरतात. नोकरी असते, पोट असतं. पण तू माझी चूक काढून टाकलीस गं. सगळं घेतलंस आणि तेवढंच टाकलंस. त्या लेखात दुसरं होतं काय? कूस बदलायची हे कुणीही सांगेल. ती चूक सांगायची म्हणून तर मी लिहायला बसले. चार वर्षं लागली मला ती चार वाक्यं लिहायला.”

मग मी त्यांना त्या मुलीबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. मन मोकळं करायला, असं तेव्हा वाटलं. म्हणजे पुन्हा माझ्याचसाठी. बाई खुर्चीत बसल्या. हाताने टेबलाची कड धरली.

“तिला उत्तर दिलंस?”

“नाही. काढून टाकला तो अभिप्राय.”

“जा तू आता,” त्या म्हणाल्या. आणि मी दाराशी पोचल्यावर, “ती वाक्यं परत घाल. माझं नाव नको घालूस. वाक्यं घाल.”

मी तशीच ऑफिसला गेले आणि लेख उघडून बाईंची वाक्यं जशीच्या तशी अगदी वर घातली. आडवं ठेवून पाजू नका. बसवल्याशिवाय थेंबही नको. डॉक्टरांकडून तपासून घ्या. ब्यूरोचा नंबर खाली ढकलला. खालच्या सावळ्या डॉक्टरांचा फोटोही काढून टाकला आणि तिथे लिहिलं, ‘हा लेख कोणत्याही डॉक्टरांनी लिहिलेला नाही.’ दीड वर्षात त्या साईटवर मी लिहिलेलं हे एकमेव खरं वाक्य.

ते वीस तास टिकलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पूर्ववत होतं आणि माझा पासवर्ड चालत नव्हता. साहेब ओरडला नाही. “मॅडम, तुम्ही मला सांगायला हवं होतं,” म्हणाला. मी म्हटलं, “सांगितलं होतं की, पहिल्याच दिवशी.” माझा डबा आणि छत्री घेऊन मी जिना उतरले. खाली साड्यांच्या दुकानात सेल लागला होता.

घरी बसून मी एक काम मात्र केलं. सर्च चालवणाऱ्या कंपनीकडे चोरीच्या मजकुराची तक्रार करता येते. त्याचा फॉर्म किचकट असतो. मी तो भरून, बाईंच्या लेखाची तारीख आणि दोन्ही लेखांच्या प्रती जोडून बाईंना पाठवला आणि लिहिलं, फक्त तुमची संमती हवी. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण फॉर्म पाठवला असावा, कारण काही आठवड्यांनी आमचं पान यादीतून नाहीसं झालं. मी उगाच दिवसातून तीनदा बघत होते. पंधरा दिवसांनी तोच मजकूर दुसऱ्या एका साईटवर उगवला. आमच्याच ऑफिसचं काम, मला वाक्यांवरून कळलं. डॉक्टर या वेळी स्त्री होत्या. नऊवारी होतीच.

आता तर यादीचीही गरज उरलेली नाही. प्रश्न टाकला की वर एका चौकटीत मशीनच उत्तर लिहून देतं. सगळीकडून गोळा केलेलं, गुळगुळीत, कुणाचंच नसलेलं. मी एकदा तोच प्रश्न टाकून पाहिला. तिसऱ्या ओळीत होतं, ‘रुग्णास चमच्याने थोडे थोडे द्रवपदार्थ द्यावेत.’ माझं वाक्य. ते मागे घ्यायला आता कुणाकडे जायचं ते मला कळत नाही. ‘हे उत्तर उपयुक्त वाटले का?’ असं खाली विचारलं होतं. मी ‘नाही’ हे बटण दाबलं. त्याने आभार मानले.

बाईंना मी दोनदा फोन केला. उचलला नाही. दिवाळीला ग्रुपवर सगळ्यांनी त्यांना शुभेच्छा दिल्या, त्यांनी नावं घेऊन सगळ्यांना उत्तरं दिली. माझं नाव त्यांत नव्हतं. ब्लॉग त्यांनी बंद केला. का, ते कुणाला सांगितलं नाही. ग्रुपवर हळहळ व्यक्त झाली, मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मध्यंतरी आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी परळला गेले होते. तिला बाकावर बसवून औषधं आणायला बाहेर पडले. शेजारच्या मोठ्या हॉस्पिटलच्या गेटासमोर, फूटपाथवर जिथे गावाकडची माणसं चादरी अंथरून असतात, तिथे बाई उभ्या होत्या. हातात झेरॉक्सचे कागद. एकेकापाशी वाकून काहीतरी विचारत होत्या, मग कागद देत होत्या आणि त्यातल्या ओळी बोटाने दाखवून मोठ्याने वाचत होत्या. एक म्हातारा ऐकताना मान हलवत होता. एका बाईने कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

मी रस्ता ओलांडला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा बाईंनी वर पाहिलं. ओळखलं नाही असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी सवयीने एक कागद माझ्या हातात दिला.

“घरी कुणी अंथरुणावर आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाई.”

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या, कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. “थोडेच आहेत.”